कासारवाडींतील वॉल्ट्झ

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडींत बसलें म्हणजे शिवाजीनगर, खडकी, दापोडी हीं स्थानकें मागें टाकून गाडी कासारवाडीस येते. लांबच्या पल्ल्याच्या गाड्या येथें थांबत नाहींत; १८५८ च्या जून महिन्यांत खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग खुला झाला, तेव्हांपासून भरधांव गाड्या पुढें निघून जातांना पाहणें हेंच या गांवाच्या वांट्यास आलें आहे. रुळांच्या एका अंगास मुंबई-पुणें हमरस्ता, दुसऱ्या अंगास थोड्या अंतरावर पवनेचें पात्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत दाटीवाटीची वस्ती. नांवावरून पाहतां ही कासारांची वाडी. परंतु १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्याच्या मागोमाग साऱ्या पट्ट्यांत कारखान्यांची रांग लागली, आणि कासारवाडीहि कारखानदारीचीच झाली. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचें साहित्य करणारा फोर्ब्स मार्शलचा कारखाना येथलाच. नाशिक फाट्यावर जे. आर. डी. टाटा यांच्या नांवाचा दुमजली उड्डाणपूल झाला आहे, आणि ६ मार्च २०२२ पासून हमरस्त्याच्या डोक्यावरून मेट्रोगाडी धांवूं लागली आहे.

एवढें सांगून झालें, तरी प्रवासवर्णन लिहावें असें येथें काय आहे, असा प्रश्न वाचक विचारतील. लेणीं नाहींत, किल्ला नाहीं, थंड हवा तर नाहींच नाहीं. मीहि कालपरवांपर्यंत असेंच म्हणत असें. परंतु गेल्या दीड वर्षांत या गांवांतली प्रत्येक पायरी, प्रत्येक उंबरा आणि रस्त्यावरचा प्रत्येक पांढरा पट्टा मला नव्यानें पाहावा लागला. कारण असें कीं, वयाच्या साठीनंतर आम्हीं उभयतांनीं बॉलरूम नृत्याची शिकवणी धरली.

या गांवाशीं माझें नातें १९८६ सालचें. सदाशिव पेठेंतील माहेर सोडून मी येथें आलें, तेव्हां यजमान पिंपरीच्या एका कारखान्यांत तीन पाळ्यांचें काम करीत. भोंगा झाला कीं ह्यांचीं पाउलें आपोआप उचललीं जात. स्वभाव अत्यंत शांत, पण चाल मात्र विलक्षण झपाट्याची. भाजीला निघालों, लग्नकार्याला निघालों, कीं देवदर्शनाला निघालों, हे चार पावलें पुढें आणि मी मागें. मध्येंच मान वळवून "अगं, येतेस ना?" असें विचारीत आणि उत्तराची वाट न पाहतां पुन्हां चालूं लागत. यांत मला कधीं कमीपणा वाटला असें नाहीं. सासूबाई मामंजींच्या मागून चालत, माझी आई वडिलांच्या मागून चाले. घरोघरीं हीच रीत होती. छत्तीस वर्षें मी ह्यांची पाठ पाहून रस्ता ओळखीत आलें.

२०२२ च्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं स्टेशनाकडून घरीं येतांना मी बोलतां बोलतां पुढें निघून गेलें. उत्तर येईना म्हणून मागें पाहिलें, तों हे वीस पावलांवर. चपलेंत खडा गेला असेल असें वाटलें. पुढें दसऱ्याच्या सुमारास बँकेंतून धनादेश परत आला. सही जुळत नव्हती. सही ह्यांचीच होती, परंतु अक्षर इतकें बारीक झालें होतें, कीं मला स्वतःलाच तें ओळखूं येईना. चालतांना डावा हात हलत नाहीं, हेंहि मग ध्यानांत आलें. मेंदूच्या डॉक्टरांनीं ह्यांना उठावयास, बसावयास, चुटक्या वाजवावयास सांगितलें आणि थोडक्या शब्दांत निदान केलें : पार्किन्सनचा विकार.

आयुर्वेदांत ज्याला कंपवात म्हणतात, त्याच्याशीं मिळतें-जुळतें असें हें दुखणें आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें त्याचें वर्णन करणारा निबंध १८१७ सालीं प्रसिद्ध केला. पुणेंकरांना तें साल निराळ्याच कारणानें पाठ असतें. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला खडकीस पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशीं गांठ पडली. आमच्या वाटेवर ती खडकी लागते, आणि लागली कीं दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात. मेंदूच्या खोल भागांतील कांहीं पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करितात. त्या पेशी झिजत गेल्या म्हणजे हालचालीला आरंभ करणेंच जड जातें. इच्छा असते, अंगांत बळहि असतें, पण पाऊल उचलण्याची आज्ञा मध्येंच कोठें तरी अडते. गोळ्यांनीं ती उणीव कांहीं तास भरून निघते, आणि मग पुन्हां गोळीची वेळ येते. विकार मुळांतून घालविणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं.

या अडण्याचा जो चमत्कारिक प्रकार आहे, त्यानें मला कासारवाडी नव्यानें दाखविली. सपाट, मोकळ्या वाटेवर हे चालत असतात आणि अरुंद दार आलें कीं पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. इमारतीच्या उद्वाहकाचें दार, आमच्याच स्वयंपाकघराचा उंबरा, मेट्रोच्या स्थानकांतील तें आपोआप उघडणारें फाटक, या आमच्या अडचणीच्या जागा. उलट जिना मात्र हे सरसर चढून जातात! मेट्रोचें स्थानक उंचावर आहे. त्याच्या पायऱ्यांवर ह्यांना कोणाचा हात लागत नाहीं, आणि वर गेल्यावर फाटकापुढें मात्र हे खांबासारखे उभे. मागें रांग तुंबते, कोणी घड्याळ पाहतो, कोणी "काका, चला ना" म्हणतो. इमारतीच्या रखवालदारानें एकदां मला विश्वासांत घेऊन विचारलें, "जिना चढतात, मग दारांत कां थांबतात?" त्याच्या मनांत सोंगाची शंका होती. त्याला दोष देण्यांत अर्थ नव्हता. पहिल्या पहिल्यानें माझ्याहि मनाला ती शंका शिवून गेली होती.

पुढें व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनीं उलगडा केला. आंतली आज्ञा अडते तेव्हां बाहेरची खूण उपयोगी पडते. जिन्याच्या पायरीची कड ही खूण. रस्ता ओलांडण्याच्या जागीं काढलेले पांढरे पट्टे हीहि खूणच. आणि डोळ्यांना जशी रेघ, तसा कानांना ताल. ठेका कानावर पडत असला म्हणजे पाऊल त्याच्यावर पडतें. हें ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. तरुणपणीं गांवच्या भजनी मंडळांत हे तबला वाजवीत असत.

तालावर चालण्याचा हा उपचार म्हणजे कोणा एकाची लहर नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनें २००१ सालीं या विकाराच्या लोकांसाठीं वर्ग सुरू केला. आपल्या पुण्यांतहि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठीं हृषीकेश पवार या नर्तकांनीं २०१० च्या सुमारास असा वर्ग चालू केला, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं पाय थिरकविला नव्हता असे आजी-आजोबा तेथें नाचूं लागले. त्या वर्गांतील नृत्य आधुनिक धर्तीचें. जोडीनें करावयाच्या नृत्याची गोष्ट अमेरिकेंतील आमच्या चिरंजीवांनीं कळविली. सेंट लुईसच्या विद्यापीठांत हॅकनी आणि अर्हार्ट या दोन विदुषींनीं २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अठ्ठावन्न रुग्णांचे तीन गट केले; एकाला टँगो, दुसऱ्याला वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट शिकविला, तिसऱ्याला कांहींच नाहीं. तेरा आठवड्यांत वीस पाठ झाले, आणि नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल व चाल सुधारली. टँगोवाल्यांची किंचित् अधिक. परंतु टँगोचीं चित्रें चिरंजीवांनीं दूरध्वनीवर पाठविलीं, तीं पाहून हे म्हणाले, "हें आपल्याच्यानें व्हायचें नाहीं. तो वॉल्ट्झ बरा." म्हणून वॉल्ट्झ.

घरांत ही वार्ता फुटली तेव्हां निगडीहून वन्सं तातडीनें आल्या. त्यांचें भावावर मोठें प्रेम. बोलणें मात्र फटकळ. "औषध म्हणून पोहायला जा, योगासनें करा. बॉलडान्स कसला करतां या वयांत! नातवंडांना काय सांगाल?" असें त्यांनीं मला सुनावलें. (दादाला नव्हे, दादाला त्या कांहीं बोलत नाहींत.) मीं वाद घातला नाहीं. पण एक गोष्ट मागाहून वाचनांत आली ती सांगण्याजोगी आहे. १८१६ सालीं लंडनच्या राजवाड्यांत राजप्रतिनिधीनें दिलेल्या मेजवानींत वॉल्ट्झ नाचण्यांत आला, तेव्हां टाइम्स पत्रानें हा परदेशी, निलाजरा नाच आपल्या मुलींना शिकवूं नका, असा आईबापांना कडक इशारा दिला होता. स्त्रीपुरुषांनीं चारचौघांत एकमेकांना धरून फिरावें, याचा इंग्रजांनाहि तेव्हां इतका संकोच होता. तो संकोच त्यांचा पंधरा-वीस वर्षांत मावळला. आणि दुसऱ्याच वर्षीं पुणें घेऊन जे लोक छावणी करून राहिले, त्यांच्या मागोमाग त्यांचे नाचहि आले. शंभर-सव्वाशें वर्षें हे नाच कँपांत चालले. शनिवारपेठेपासून कँप तो किती लांब! पण तेथला ठेका पेठेंत ऐकूं आला नाहीं, आणि ऐकूं यावा अशी पेठेची इच्छाहि नव्हती. आमच्याच शेजारच्या चिंचवडचे चाफेकर बंधु. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडींतील राणीच्या उत्सवाहून परतणाऱ्या रँडला त्यांनीं गांठलें. अशा आठवणी ज्या शहराच्या आहेत, त्याला साहेबाची करमणूक गोड वाटावी कशी?

मराठी मनाला हें सारें परकेंच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. आमचे नृत्यशिक्षक मूळचे गोव्यांतील साष्टी तालुक्याचे. त्यांनीं मला मांडोविषयीं सांगितलें. एकोणिसाव्या शतकांत साष्टींतील ब्राह्मण आणि चारडो ख्रिस्ती घराण्यांनीं पोर्तुगीजांच्या दिवाणखान्यांतील नाच घेतला, त्याला कोंकणी गीतें दिलीं, फिडलीच्या जोडीला घुमट वाजविलें, आणि मुख्य म्हणजे नाचाची रचनाच पालटली. मांडोंत जोडपें एकमेकांना कवटाळीत नाहीं. स्त्रिया हातांत पंखे घेऊन एका रांगेंत, पुरुष समोरच्या रांगेंत. रांगा जवळ येतात, एकमेकींतून पलीकडे जातात, पुन्हां समोरासमोर उभ्या राहतात. साहेबाचा नाच घ्यावा, पण अंतर आपलें राखावें, अशी ही तडजोड मला फार समंजस वाटली. वन्संना मीं ती सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "मग तोच शिकला असतां!" परंतु आम्हांला अंतर राखून भागण्यासारखें नव्हतें, ह्यांचा तोल सांभाळावयाचा होता.

शिकवणी कँपांतल्या एका जुन्या घराच्या माडीवर दर शनिवारीं सकाळीं अकराला असते. ती वेळ आम्हीं गोळीच्या हिशेबानें मागून घेतली. दहाची गोळी अकरापर्यंत अंगांत उतरते आणि एकपर्यंत पुरते. कासारवाडीहून मेट्रोनें निघावयाचें. फुगेवाडी, दापोडीवरून नदी ओलांडून गाडी हळूहळू खालीं उतरते आणि शिवाजीनगरच्या अलीकडे भुयारांत शिरते. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकांत गाडी बदलावी लागते. तें स्थानक जमिनीखालीं सुमारें तेहतीस मीटर आहे, आणि दुसरी गाडी मात्र जमिनीच्या वरून जाते, म्हणून पाताळांतून अंतराळांत चढून जावें लागतें. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवणें आम्हांला कठीण, म्हणून उद्वाहक; उद्वाहकाचें दार आलें कीं थबकणें ठरलेलें. लोकलगाडीनें गेलों तर हे सारे फेरे वांचतात, परंतु तिच्या गर्दींत तोल राहत नाहीं. एक तासाच्या पाठासाठीं जाण्यायेण्याचे तीन तास जातात. त्या तीन तासांत किती दारें लागतात, हें मीं एकदां मोजलें : एकोणीस.

पहिल्या दिवशीं मास्तरांनीं नाच शिकविलाच नाहीं, चालावयास शिकविलें. सबंध तासभर आम्ही आठ-दहा माणसें लांकडी जमिनीवर नुसतीं इकडून तिकडे चालत होतों. त्यांत लग्नांतील समारंभासाठीं चार पाउलें शिकून घेणारे तरुण होते, सैन्यांतून निवृत्त झालेलें एक जोडपें होतें, एकट्या आलेल्या एक प्रौढ बाई होत्या. "टाच आधीं, मग चवडा. गुडघा मऊ. डोळे जमिनीवर नाहीं, समोर," असें मास्तर सांगत, आणि मी चकित होऊन ऐकत होतें, कारण व्यायामोपचाराच्या बाई हींच तीन वाक्यें आठवड्यांतून दोनदां ह्यांना सांगत. आज शिकविला जाणारा वॉल्ट्झ हा १९२० नंतर लंडनच्या शिक्षकांनीं घडविलेला आहे. १९०४ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या इंपीरियल सोसायटीनें १९२४ मध्यें बॉलरूमची निराळी शाखा काढली आणि पाउलें, वळणें, अंगस्थिति यांना नियम बांधून दिले. टाच कोठें, चवडा कोठें, अंग किती वळवावें, सारें लिहिलेलें. व्याकरणावर प्रेम करणाऱ्या आपल्या लोकांना हा नाच पुस्तकांतून अधिक आवडेल असें मला वाटतें.

दुसऱ्या शनिवारीं वाद्य लागलें. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पहिल्या मात्रेवर जोर, दुसरी-तिसरीवर अंग उचलावयाचें, तिसरीच्या शेवटीं पुन्हां खालीं. हे क्षणभर कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर दादरा!" सहा मात्रांचा दादरा तीन-तीनच्या दोन भागांत मोडतो, तेंच हें. मात्र आपल्या दादऱ्यांत चौथ्या मात्रेवर खाली असते. वॉल्ट्झला खाली ठाऊक नाहीं, त्याची प्रत्येक तिसऱ्या मात्रेनंतर सम. मास्तरांना ही गोष्ट इतकी आवडली, कीं त्यांनीं बांकावर ठेका वाजवून घेतला. नियमानें मिनिटाला अठ्ठावीस ते तीस आवर्तनें असावयाचीं. आमच्यासाठीं त्यांनीं लय बरीच उतरविली. ठेका चालू झाला आणि हे अडखळल्यावांचून खोलीच्या टोंकापर्यंत चालत गेले. परत येतांना वाद्य मध्येंच बंद पडलें, तशीं पाउलेंहि थांबलीं. औषधाची शक्ति आणि मर्यादा दोन्ही एकाच फेरींत दिसलीं.

खरी परीक्षा पुढेंच होती. वॉल्ट्झमध्यें पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खालीं असतो. तिचा डावा हात त्याच्या दंडावर. आणि उरलेले दोन हात एकमेकांत. आतां हें लिहितांना कांहींच वाटत नाहीं. परंतु त्या दिवशीं दहा माणसांच्या देखत ह्यांनीं माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हां आम्ही दोघेंहि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहूं लागलों. अडतीस वर्षांचा संसार! लग्नांत पाणिग्रहण झालें आणि सप्तपदी झाली. त्यानंतर चारचौघांत हातांत हात घेऊन सात पावलें चालल्याचें मला आठवत नाहीं. तरुण मंडळींना आमच्या संकोचाची गंमत वाटली असावी, पण त्यांपैकीं कोणी हंसलें नाहीं.

त्या हातांतून मला एक गोष्ट प्रथमच कळली. ह्यांचा डावा हात कांपतो, हें मी दोन वर्षें पाहत होतें. पण पाहणें निराळें आणि हातांत धरणें निराळें. तो कंप सारखा नसतो. हात मांडीवर स्वस्थ पडला असतांना अधिक, कामांत असतांना कमी. अवघड वळण जवळ आलें कीं वाढतो, आणि पाऊल लयींत पडलें कीं जवळ जवळ नाहींसा होतो. ह्यांना भीति कशाची वाटते, हें मला ह्यांनीं तोंडानें कधीं सांगितलें नव्हतें. तें मला तळहातावर समजूं लागलें.

चौकोनी पाऊल, म्हणजे पुढें-बाजूस-जवळ आणि मागें-बाजूस-जवळ, हा वॉल्ट्झचा ओनामा. पुरुष पुढें येतो तेव्हां स्त्री मागें जाते. नेणें पुरुषाकडे, अनुसरणें स्त्रीकडे. महिनाभर हे नेत राहिले आणि दर चार-पांच चौकोनांनंतर थबकत राहिले. कारण आरंभ करणें हेंच तर ह्यांचें दुखणें! चौथ्या कीं पांचव्या पाठाला मास्तर जवळ आले आणि मला म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही न्यायचें. सर येतील." नेण्याचे कांहींच मोठें शास्त्र नाहीं असें त्यांचें म्हणणें, आपण निघण्यापूर्वीं आपलें अंग निघतें, तें समोरच्याला कळूं द्यावयाचें, एवढेंच. दंडावर हलका दाब दिला, श्वास घेतला, "एक" म्हटलें आणि मी पुढें पाऊल टाकलें. हे मागें गेले. मागें जाणें या विकारांत सर्वांत धोक्याचें असतें, माणूस पाठीवर पडतो. म्हणून व्यायामोपचाराच्या बाईंची संमति आधींच घेतली होती आणि मास्तर ह्यांच्या पाठीशीं उभे होते. सोळा चौकोन झाले. एकदांहि थबकणें झालें नाहीं.

घरीं परत येतांना मेट्रोंत हे खिडकींतून बाहेर पाहत होते. खडकी गेली तरी बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "भोंगा झाला कीं मी निघायचों. आतां तूं माझा भोंगा." विनोद म्हणून बोलले, आणि मीहि हंसलें. परंतु ज्या माणसानें कारखान्यांत चाळीस माणसांना कामावर लावलें, त्याला पाऊल उचलण्यास बायकोच्या इशाऱ्याची वाट पाहावी लागावी, ह्यांत विनोद थोडाच होता. पुढचे दोन शनिवार हे कँपांत गेले नाहींत. पाऊस आहे, गोळी उशिरां घेतली, अशीं कारणें झालीं. मीं आग्रह केला नाहीं. तिसऱ्या शनिवारीं सकाळीं साडेनऊला हे बूट घालून दाराशीं उभे होते, आणि दारांतून बाहेर पाऊल पडत नव्हतें. मीं हातांत हात घेऊन "एक" म्हटलें, आणि आम्ही निघालों. त्या दिवसापासून मास्तर आम्हां दोघांनाहि दोन्ही बाजू करावयास लावतात; अर्धा वेळ हे नेतात, अर्धा वेळ मी.

सराव मात्र कासारवाडींतच होतो. आमची इमारत जुनी, म्हणून बैठकीच्या खोलींत अद्याप मोझाइकची चौकोनी फरशी आहे. नव्या घरांतल्या गुळगुळीत, सांधे न दिसणाऱ्या फरशीवर आमचें चाललें नसतें. येथें प्रत्येक सांधा ही रेघ, आणि रेघ दिसली कीं पाऊल पडतें. चिरंजीव कित्येक वर्षें ती फरशी बदलण्याचा आग्रह करीत होते, तो आतां बंद झाला आहे. सायंकाळीं सहाला मेज भिंतीला लागतें. खालून हमरस्त्याचा आवाज, दर थोड्या वेळानें लोकलगाडीची धडधड. गाडीचा ठेका चार मात्रांचा असल्यामुळें ती जाईपर्यंत आम्ही थांबतों, नाहीं तर तीन मात्रा बिघडतात.

वन्सं महिन्यांतून चार दिवस राहावयास येतात. पहिल्यांदां त्या पाठ फिरवून बसल्या. दुसऱ्यांदां म्हणाल्या, "तुम्ही उलटी प्रदक्षिणा घालतां!" आणि तें खरेंच आहे : बॉलरूममध्यें सर्व जोड्यांनीं खोलीभोंवतीं डावीकडून फिरावयाचें असा नियम आहे, देवाची प्रदक्षिणा ज्या दिशेनें घालतात तिच्या नेमकें विरुद्ध. खोलींत मध्यभागीं देव नसतो, असें मीं सांगून पाहिलें. तें त्यांना फारसें पटलें नाहीं. परंतु गेल्या खेपेस त्या ताट घेऊन शेंगा निवडीत बसल्या होत्या आणि ह्यांचें पाऊल चुकतांच ताटावर नख वाजवून म्हणाल्या, "दादा, दोन राहिलें तुझें." त्यांना मात्रा मोजतां येतात हें मला ठाऊक नव्हतें, लहानपणीं भावाच्या तबल्यापुढें बसून त्या शिकल्या होत्या.

लाभ किती झाला, असें विकारानें गांठलेल्या घरांतून मला विचारतात. जें आहे तें सांगतें. मागील तपासणींत डॉक्टरांनीं गोळी वाढविली. विकार आपल्या वाटेनें पुढें जातच आहे. चैत्रांत एकदां हे मोरींत पडले. नाच येतो म्हणून पडणें चुकलें नाहीं. अक्षर अजून बारीकच आहे. मात्र पावलाची लांबी मोजतां वाढली आहे, आणि वळतांना जें सात-आठ तुटक पावलांत वळावें लागे, तें आतां तीन-चारांत होतें. मेट्रोच्या फाटकापाशीं मी पुढें होत नाहीं आणि मागेंहि राहत नाहीं; बाजूला उभी राहून हळूच "एक" म्हणतें. बहुतेक वेळां तेवढ्यानें भागतें. न भागल्यास दोघेंहि एका बाजूस सरतों, एक चौकोन जागच्या जागीं करितों आणि मग जातों. रांगेंतल्या लोकांना हें काय चाललें आहे तें कळत नाहीं. रखवालदाराला मीं कारण समजावून दिलें. तो आतां उद्वाहकाचें दार धरून ठेवतो आणि स्वतःच मोठ्यानें "एक, दोन, तीन" म्हणतो.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें, सुरुवातीचे दिवस जवळ तिसरें माणूस ठेवावें, आणि गुळगुळीत तळाच्या बुटांनीं घरच्या फरशीवर मुळींच नाचूं नये. लांकडी जमिनीवर मात्र नेहमींचा रबरी तळ चिकटतो आणि वळतांना गुडघ्याला पीळ बसतो. तेथें तळाला मऊ, लव असलेलें कातडें लागतें. कार्तिकापासून मास्तर आम्हांला फॉक्सट्रॉट लावणार आहेत. तो चार मात्रांचा. लोकलगाडी गेली तरी आतां थांबावें लागणार नाहीं. त्यासाठीं ह्यांच्या जुन्या बुटांना नवा तळ लावावयास मीं स्टेशनाजवळच्या चांभाराकडे दिले आहेत. कातड्याची खरखरीत बाजू बाहेर ठेवा म्हटल्यावर त्यानें दोनदां विचारून घेतलें, आणि शुक्रवारपर्यंत देतों म्हणाला.